टोपणनाव पहिल्या लेखाआधीच ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लॉग सुरू करू पाहणाऱ्यांना विषय, शैली, सातत्य यांवर सल्ला हवा तेवढा मिळतो. नावाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. लेख केव्हाही दुरुस्त करता येतो. नाव बदलायला गेले की जुने दुवे तुटतात, आणि जुने पान इंटरनेट आर्काइव्हवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) जुन्याच नावाने सापडू शकते. म्हणून नाव आणि ईमेल या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. त्यातही ईमेल जास्त महत्त्वाचा.

नावाचे गणित सोपे आहे. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) वापरकर्तानाव १५ अक्षरांपर्यंतच चालते, इन्स्टाग्रामवर ३०. एक्सला अधोरेषा चालते, टिंब चालत नाही. इन्स्टाग्रामला दोन्ही चालतात, जोडरेघ चालत नाही; डोमेनच्या, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नावात नेमकी जोडरेघच तेवढी चालते. तेव्हा १५ रोमन अक्षरांच्या आत बसणारे, मध्ये एकही चिन्ह नसलेले नाव निवडले तर ते सगळीकडे एकसारखे घेता येते. 'व'ला व्ही की डब्ल्यू, 'आ'ला एक ए की दोन, असे फाटे ज्या शब्दात फुटतात तो शब्द कितीही आवडला तरी सोडावा. नावापुढे जन्मसाल जोडू नये. ज्याला आपली जन्मतारीख हवी आहे त्याचे काम आपणच कशाला सोपे करायचे?

टोपणनाव घ्यायचे तर ते कशासाठी, हे स्वतःशी स्पष्ट हवे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने लिहिले. तिथे हेतू लपण्याचा नव्हता, लेखनाचे प्रकार वेगळे ठेवण्याचा होता. तेवढेच हवे असेल तर पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील. कार्यालयात किंवा नातेवाइकांत कळू नये असे वाटत असेल तर मात्र ते नीट वाचावेत, कारण टोपणनाव बहुतेक वेळा लेखनातून फुटत नाही, खात्यातून फुटते.

ब्लॉगसाठी नवा ईमेल काढावा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नये. वर्डप्रेस या ब्लॉगप्रणालीवर लेखकाचे चित्र बहुधा ग्रॅव्हटार या चित्रसेवेवरून येते आणि ते ईमेलला बांधलेले असते. त्याच ईमेलने दुसऱ्या ब्लॉगवर खऱ्या नावाने प्रतिक्रिया दिली की तिथेही तेच चित्र झळकते. दुसरी गळती लॉगिनच्या नावाची. प्रोफाइलमध्ये दर्शनी नाव बदलले तरी लेखक-पानाच्या पत्त्यात लॉगिनचेच नाव राहते. उपाय असा: नव्या ईमेलवर, टोपणनावानेच दुसरे प्रशासक खाते काढावे, त्यातून आत जाऊन जुने खाते पुसावे, आणि 'लेखांचे काय करायचे' असे विचारले जाईल तेव्हा ते नव्या खात्याकडे वर्ग करावेत. तिथे घाईत चुकीचा पर्याय दाबला तर खात्याबरोबर लेखही जातात, म्हणून आधी बॅकअप घ्यावा. गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर हे इतके सरळ नाही. नवे खाते जोडले तरी जुन्या लेखांखाली जुनेच नाव राहते. शिवाय एकाच खात्यावरचे सगळे ब्लॉग प्रोफाइलवर शेजारी शेजारी दिसू शकतात. कोणते दाखवायचे ते सेटिंगमध्ये जाऊन निवडावे लागते.

छायाचित्रे हा वेगळाच प्रकार. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात. घरच्या खिडकीतून टिपलेल्या पावसाबरोबर घराचा ठिकाणा. लोकेशन बंद करून फोटो काढावा, जुना असेल तर त्याचा स्क्रीनशॉट चढवावा. पीडीएफ देताना फाइलच्या गुणधर्मांतले 'लेखक' हे खाणे पाहावे. तिथे संगणकावरचे नाव आपोआप भरलेले सापडते. दोन ब्लॉगना जाहिरातींचा किंवा वाचकसंख्या मोजण्याचा एकच सांकेतिक क्रमांक लावला तर मालक एकच आहे हे कुणालाही ताडता येते.

आता थोडे लेखाच्या दुव्यातल्या पत्त्याबद्दल. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, दुव्यात नऊ रोमन चिन्हांचे होते. वर्डप्रेस लेखाचा पत्ता २०० चिन्हांवर तोडते, म्हणजे मराठी शीर्षकाची जेमतेम २२ चिन्हे उरतात आणि दुवा मध्येच तुटलेला दिसतो. ब्लॉगर मराठी अक्षरे गाळून 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच ठेवते आणि पुढे आकडे लावते. दोन्हीकडे पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) रकान्यात तीन-चार रोमन शब्द हाताने लिहावेत, तेही प्रकाशित करण्याआधी.

ब्लॉगरवर मिळणारा ब्लॉगस्पॉटचा पत्ता बदलला तर जुना पत्ता वाचकाला नव्या जागी नेत नाही. स्वतःचे डोमेन जोडले तर नेतो. म्हणून नाव ठरले की डोमेन लवकर घ्यावे, आणि त्याची नोंदणी अशा ईमेलवर करावी जो रोज उघडला जातो. लेखनासाठी काढलेला ईमेल इथे दगा देतो: लेखन थंडावते, ईमेल उघडायचा राहतो, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहतात. डॉट कॉमची मुदत संपल्यावर नोंदणीदार कंपनी काही दिवस थांबते. नाव तिने सोडले की ते जादा शुल्क भरून परत मिळवायला ३० दिवस असतात, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते. घेणारा बहुधा जुगाराच्या जाहिराती लावतो. ज्यांनी आपले दुवे दिलेले असतात त्यांच्या पानांवरून वाचक मग थेट तिकडे जातात.

आपला,
एक ब्लॉगलेखक