पॅक्लिटॅक्सेल सुरू होण्याआधी सुमनला पत्र

नंदुरबार
१२ फेब्रुवारी

प्रिय सुमन,

काल फोनवर तू म्हणालीस, "कॅन्सरच्या केमोची लाल सलाईनं चार झाली, आता पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाची बारा, दर आठवड्याला एक. ते आत जाऊन करतं काय, हे कुणी नीट सांगतच नाही गं." तास सुरू व्हायची घंटा झाली होती, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

अकरावीचं प्रॅक्टिकल आठवतं? कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवून मुळं फुटू द्यायची, टोक कापायचं, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर किंचित शेकायचं, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. आज मी मुलांकडून तेच करून घेते. एका पेशीत लालसर गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी असतात, तर शेजारच्या पेशीत त्यांचे दोन गट होऊन दोन टोकांना निघालेले असतात. ज्या धाग्यांनी ती ओढली जातात ते मात्र आपल्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाहीत. जाडी अवघी २५ नॅनोमीटर; एका केसाच्या रुंदीत असे दोन-तीन हजार मावतील. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकावर एक रचून या पोकळ नळ्या बनतात. पुस्तकात त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. पेशीचा आतला सांगाडा ज्या धाग्यांचा असतो, त्यांतलेच हे.

हा सांगाडा आपल्या हाडांसारखा कायमचा नसतो, मांडवासारखा असतो. गरज पडेल तिथे उभारायचा, काम झालं की सोडून तेच सामान दुसरीकडे न्यायचं. नळीच्या टोकाला मणी लागतात, सुटतात, पुन्हा लागतात, अखंड. पेशीचे दोन भाग व्हायचे तर ही उभारणी आणि सोडणी दोन्ही जमायला हवी. तुझं नवं औषध त्या मण्यांना नळीच्या आतल्या बाजूने चिकटतं आणि त्यांना सुटूच देत नाही. मांडवाच्या सगळ्या गाठी आवळून टाकल्यासारखं. मग विभागायला निघालेली पेशी मध्येच अडकते किंवा वेडीवाकडी विभागते, आणि मरते. गाठीतल्या पेशी सारख्या विभागत असतात, म्हणून घाव त्यांच्यावर बसतो.

याच मण्यांवर काम करणारी औषधं आपल्या अंगणातही आहेत. तुझ्या आईच्या तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुली होती ना? तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीन कितीतरी वर्षं वापरात आहे. पावसाळ्यात कुंपणावर पेटल्यासारखी फुलणारी कळलावी घे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. कंद जीवघेणा विषारी, पण तेच कोल्चिसीन मोजून दिलं की गाऊटच्या, म्हणजे सांधे सुजण्याच्या, दुखण्यावर औषध होतं, कारण सुजेच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्याने मंदावते. आणि परवा १० तारखेला आमच्या मुलांनी चघळली ती जंताची गोळी, अल्बेंडाझोल! तीही ट्यूब्युलिनलाच धरते, पण जंताच्या ट्यूब्युलिनला आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट. ही सगळी औषधं मांडव उभाच राहू देत नाहीत. तुझं एकटं उलट्या वाटेचं.

आता खरं म्हणजे जे सांगायला बसले ते. हे औषध शोधणाऱ्या दोघांपैकी एकजण आपल्या नंदुरबारचा. मनसुख वाणी, जन्म १९२५ चा, इथलाच. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेले, तिथे पीएच.डी. केली आणि उत्तर कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा करून आणली होती. तिच्यातून कॅन्सरविरुद्ध काम करणारा पदार्थ या दोघांनी वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. नाव ठेवलं टॅक्सॉल. तुझ्या फाईलवर पॅक्लिटॅक्सेल लिहिलंय ते हेच. मी दरवर्षी वर्गात फळ्यावर 'नंदुरबार' असं लिहिते आणि त्याखाली त्या रेणूची आकृती काढते. मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

पण पुढची आठ-दहा वर्षं त्याकडे कुणी फारसं वळलं नाही. पाण्यात विरघळत नाही, सालीत असतं अगदी थोडं, आणि साल काढली की झाड मरतं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी दाखवलं की ते नळ्या मोडत नाही, उलट पक्क्या करतं. असं वागणारं औषध तोवर माहीतच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली, १९९४ मध्ये स्तनाच्या. आणि झाडंही वाचली: युरोपातल्या यूच्या पानांतून एक जवळचा रेणू काढून त्यापासून औषध बनवण्याची रीत सापडली. पानं पुन्हा फुटतात.

ते पाण्यात विरघळत नाही म्हणूनच बहुतेक ठिकाणी एरंडेलापासून केलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देतात. त्या द्रावकाची ॲलर्जी येऊ शकते. सलाईनच्या आधी दोन-तीन इंजेक्शनं देतील ती त्यासाठी. त्यातल्या एकाने गुंगी येईल, घाबरू नकोस. सलाईन चालू असताना छाती भरून आली, खाज सुटली, चेहरा तापला तर लगेच सिस्टरांना हाक मार.

आता माझ्या आईचं सांगते. तिलाही हेच औषध होतं. पाचव्या-सहाव्या सलाईननंतर तळपायाला मुंग्या यायला लागल्या, पण तिने कुणालाच सांगितलं नाही. "सांगितलं तर सलाईन बंद करतील," ही भीती. एकदा भाजी घेऊन घरी आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात आंघोळीच्या कढत पाण्याने पावलावर फोड आले, तेही तिला आधी दिसले, मग कळले. मी रोज तिच्या शेजारी होते, रोज वर्गात या नळ्या शिकवत होते, आणि तरी विचारलं नाही. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारी नस, म्हणजे मज्जातंतू, हातभर लांब नसते गं, मीटरभर असते, आणि तिच्यातली मालवाहतूक याच नळ्यांवरून चालते. गाठीतल्या पेशींना जे अडवतं तेच तिथेही अडथळा करतं, आणि सगळ्यात लांब नसांना आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून.

तू लपवू नकोस. डॉक्टरांना डोस कमी करता येतो, एखादा आठवडा थांबता येतं. दर बुधवारी ब्लाउजचे हुक लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं नेहमीसारखी चालतात का बघ आणि वहीत लिही. पाणी पायाने नाही, कोपराने तपास. घरात अनवाणी फिरू नकोस.

पहिल्या सलाईनला मी येते आहे, रजा टाकली. तोंड आलं असेल म्हणून इथली मिरची आणत नाही, ज्वारीचे पापड आणते. वही मात्र आजच काढून ठेव, पहिल्या पानावर आजची बोटं कशी आहेत ते लिही.

तुझी,
कुसुम