यंदाचा मळा सोप्यावर

मडगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी उकिडवे बसायला आणि वाकून काम करायला मनाई केल्यामुळे यंदा मळा घालायचा नाही, असे बाबांनी ठरवल्याचे आईकडून कळले. तांबडी भाजी, मुळा आणि अळसांदे यांच्या वाफ्यांना विहिरीचे पाणी शिंपण्यात ज्यांचे सगळे हिवाळे गेले, त्यांनी हे दिवस नुसते खुर्चीत बसून काढावेत, हे माझ्या मनाला पटत नाही. गुडघ्यांचा मान राखलाच पाहिजे. पण हातांना काम हवे. म्हणून एक विनंती करते. परसातला मळा राहू दे, दारापुढच्या सोप्याच्या कट्ट्यावर खोक्यांमध्ये कोथिंबीर करा. खुर्चीत ताठ बसून पेरता येईल, पाणी देता येईल आणि खुडताही येईल.

कोथिंबीरच का, असे बाबा विचारतील. आपल्याकडे ती बहुतेक बेळगावहून घाट उतरून येते, आणि पेडण्यात आईच्या हाती पडेपर्यंत तिचा वास निम्मा उडालेला असतो. सोलकढीवर घालायला चार काड्या हव्या असतात आणि आणावी लागते जुडी, तीही दोन दिवसांत पिवळी पडते. शिवाय हे झाड खोक्याला फार सोयीचे आहे: त्याचे सोटमूळ सात-आठ इंच खोल मातीत समाधानाने राहते. मात्र त्या मुळाला धक्का सोसत नाही. म्हणून मिरचीसारखी रोपे करून लावणी करायची नाही, जिथे वाढवायची तिथेच बी पेरायचे.

हंगामाविषयी मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण गोव्यात सगळे त्यावरच अवलंबून आहे. कोथिंबीर मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. तिला थंडी आवडते, साचलेले पाणी मुळीच चालत नाही, आणि उकाडा वाढला की ती पाने सोडून घाईने फुलोऱ्यावर जाते. आपल्या पावसाळ्यात तिची कोवळी रोपे बुडाशी कुजतात, चैत्र-वैशाखात ती वीतभर होण्याआधीच फुलते. तुळशीच्या लग्नापासून शिगम्यापर्यंतचा काळ तेवढा तिचा. पण आपल्या हिवाळ्यातही रात्र गार असली तरी दुपार तापलेलीच असते. आपले घर पूर्वाभिमुख असल्यामुळे सोप्यावर सकाळचे चार-पाच तास ऊन येते आणि दुपारी सावली होते, यापेक्षा चांगली जागा तिला पेडण्यात मिळणार नाही.

कुंड्या विकत आणू नका. मासळी बर्फात घालून आणतात ती थर्माकोलची खोकी मी इथे जमवली आहेत. ती इतकी हलकी असतात की भरलेले खोकेही मातीच्या कुंडीपेक्षा सहज सरकते, आणि उन्हात त्यांतली माती लवकर तापत नाही. मिठाचा अंश जाईपर्यंत ती धुऊन, बुडाला भोके पाडून पाठवीन. मातीचे प्रमाण बाबांना मी काय सांगणार! तरीही एवढे ध्यानात असू द्या की आपली तांबडी माती एकटीच खोक्यात घातली तर ती घट्ट बसते. दोन वाटे माती, एक वाटा पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत आणि एक वाटा नारळाच्या सोडणांचा धुतलेला भुसा असे मिश्रण करावे. आपली माती आंबट असते, तेव्हा चुलीतली राख मूठभर मिसळल्यास उत्तम. त्याहून जास्त मात्र नको.

बियांचे काम आईकडे असावे, असे मला वाटते. वाण्याकडचे अख्खे धणे चालतात, फक्त ते यंदाचे असावेत; जुने किंवा भाजलेले उगवत नाहीत. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे दोन बियांची जोडी असते. म्हणून पाटावर पसरून लाटण्याने इतकेच रगडायचे की दाण्याची दोन शकले व्हावीत, त्याची पूड होऊ नये. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळायचे आणि दोन-तीन इंचांच्या अंतराने रेघा ओढून अर्धा इंच खोल पेरायचे. कोंब वर यायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तेवढे दिवस माती ओलसर राहिली पाहिजे, पण झारीने जोराची धार मारू नये, कारण बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. आधी येतील ती दोन पाने लांबट आणि साधी असतील. ती कोथिंबिरीसारखी दिसत नाहीत म्हणून आईने तण समजून उपटू नयेत. नक्षीची पाने त्यानंतर येतात.

पुढे पाणी सकाळीच द्यावे. थंडीत पहाटे दंव पडते, त्यात संध्याकाळचे पाणी पानांवर राहिले तर बुरशी धरते. रोपे पाच-सहा इंचांची झाली, म्हणजे साधारण दीड महिन्यानंतर, बाहेरच्या काड्या मातीपासून इंचभर वर कापायच्या आणि मधला कोंब राखायचा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापले नाही, तर तीच झाडे पुन्हा दोन-तीनदा फुटतात. सगळी खोकी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक पेरले की खंड पडणार नाही. शेवटचे खोके जानेवारी संपायच्या आत पेरावे.

मधला दांडा उंच होऊन बारीक, बडीशेपेसारखी पाने येऊ लागली की त्या झाडाची चव ओसरली असे समजावे. ती सगळी उपटू नयेत. चार-पाच ठेवली तर पांढरी-गुलाबी फुले येतात, मधमाश्या येतात आणि पुढच्या वर्षीचे बी घरातच तयार होते.

खोकी आणि धणे येत्या शनिवारी दादाबरोबर पाठवते. माती चाळण्याचे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे, बाबांनी पाटी उचलू नये. कोंब दिसले की आईने मला कळवावे.

आपली कन्या