ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरलाही शोधनिबंध मिळू द्या

महोदय,

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी 32 वर्षं गेली. एका पावसाळी संध्याकाळी निवासी डॉक्टर धापा टाकत आला. वॉर्डात घोणस चावलेला शेतमजूर, लघवी बंद होत आलेली. हवा तो शोधनिबंध सापडला. पण पडद्यावर फक्त सारांश आणि त्याखाली डॉलरमधली किंमत. परदेशातल्या एका माजी विद्यार्थ्याला ई-मेल केला. निबंध आला दुसऱ्या दिवशी दुपारी.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2002 मध्ये सहा मोठ्या प्रकाशकांना सोबत घेऊन ‘हिनारी’ सुरू केलं. गरीब देशांतल्या संस्थांना सुमारे 1,500 नियतकालिकं फुकट किंवा अगदी कमी दरात मिळू लागली. येल विद्यापीठाचं ग्रंथालयही यात भागीदार आहे. नेपाळला ही सोय आहे, भारताला नाही. आणि भागीदारी नाजूकही असते. जानेवारी 2011 मध्ये काही प्रकाशकांनी बांगलादेशची सवलत काढून घेतली. ओरड झाली तेव्हा कुठे ती परत मिळाली.

आपल्याकडे 2025 पासून केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं, म्हणजे शोधनिबंधांच्या नियतकालिकांची देशासाठी एकच सामायिक वर्गणी. 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार नियतकालिकं! मला मनापासून आनंद झाला. पण हे सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांपुरतंच आहे. साप चावलेला माणूस आधी नेतात तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि तिथल्या डॉक्टरला यात जागा नाही. जवळच्या शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयामार्फत त्यालाही लॉगिन मिळावं, अशी मागणी राज्याने केंद्राकडे करावी.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर