दोन बरण्या, बिलात नग तीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये आमच्या काकूची गर्भपिशवी काढली, अंग बाहेर येत होतं म्हणून, चिपळुणातल्या एका खाजगी हॉस्पिटलात. ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. काढलेलं तपासायला पाठवायचं म्हणून फॉर्मालिन घातलेल्या दोन बरण्या माझ्याच हातात दिल्या आणि मी भर पावसात कुंभार्ली घाट चढून त्या कऱ्हाडला पोचवून आलो (एसटीत शेजारचा विचारतोय, लोणचं काय हो? आता काय सांगणार त्याला).

डिस्चार्जच्या वेळी बिल बघतो तर 'हिस्टोपॅथॉलॉजी, नग ३', म्हणजे काढलेल्या तुकड्यांची मायक्रोस्कोपखालची तपासणी. अहो बरण्या दोन, मीच नेल्या ना! काउंटरवरची मुलगी म्हणे लॅबने तसंच लावलंय, लॅबला फोन केला तर म्हणे हॉस्पिटलशी बोला. पुढे मेडिक्लेमवाल्यांची क्वेरी आली, तपशील नाही म्हणून तेवढी रक्कम कापली आणि विषय संपला.

आता गंमत ऐका. आमच्या वाडीतली एक मुलगी नवी मुंबईत घणसोलीला मेडिकल कोडिंगचं, म्हणजे उपचारांना बिलासाठी ठरलेले आकडे लावायचं काम करते, सगळी अमेरिकेतली बिलं. गणपतीला घरी आली तेव्हा तिला कागद दाखवला. ती म्हणाली काका, तिकडे प्रत्येक कामाला ठरलेला आकडा असतो, त्याला सीपीटी कोड म्हणतात, लॅबमध्ये आलेल्या तुकड्यांना ८८३०० पासून ८८३०९ पर्यंत. नुसतं डोळ्यांनी बघून लिहिलं तर ८८३००, मायक्रोस्कोपखाली घातलं की पुढचे, काम जेवढं किचकट तेवढा वरचा आकडा. पिशवीचंच घ्या, अंग बाहेर येतं म्हणून काढली तर ८८३०५, गाठीबिठीचं कारण नसताना दुसऱ्या कशासाठी काढली तर ८८३०७, आणि ट्यूमर असेल तर ८८३०९. अवयव एकच, पण कशासाठी काढला त्यावर पैसे. आणि मोजायचं ते स्पेसिमेन, म्हणजे वेगळी ओळख लिहून पाठवलेला तुकडा, मग लॅबने तो कापून, मेणात बसवून त्याचे दोन ब्लॉक करू देत नाहीतर वीस. हाड असेल तर ते ॲसिडमध्ये मऊ करायचा कोड वेगळा, कॅन्सर ओळखायच्या खास चाचण्या, म्हणजे मार्कर, लावले तर पहिल्याचा वेगळा आणि पुढच्या प्रत्येकाचा वेगळा. तिकडच्या बिलांचे आकडे ऐकून घाम फुटतो ती गोष्ट निराळी, पण पैसे कशाचे ते कागदावर कळतं तरी.

म्हणजे गुहागर तालुक्यातली पोर दिवसभर बसून अमेरिकेतल्या कुणाच्या तरी बरणीचा हिशोब चोख लावते आणि तिच्याच वाडीतल्या काकूच्या बिलात 'नग ३'!

लॅबवाल्यांचे कष्ट मला कमी लेखायचे नाहीत. तिनेच सांगितलं, तुकडा फॉर्मालिनमध्ये नीट मुरवायचा, कापून छोट्या कॅसेटमध्ये ठेवायचा, अल्कोहोलमधून पाणी काढायचं, मग मेणात बसवून मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे केसाहूनही पातळ काप घ्यायचे, रंगवायचे, तेव्हा कुठे डॉक्टर बघणार. एवढ्या कामाचे पैसे घ्या की, कोण नको म्हणतंय. पण बिलावर बरण्या किती, त्यात कुठला अवयव, छोटा का मोठा, जादा स्टेन (रंग) किंवा मार्कर लावला का, आणि लॅबचे किती नि हॉस्पिटलचे वर किती, एवढं लिहायला जागा लागते किती? चार ओळी!

नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली, रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असं त्यात आहे. आमच्या इथे त्या भिंतीवर शुगर फ्री बिस्किटांचं कॅलेंडर आहे. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने एकदा फिरून बघावं, आणि वाचकांनीही बरणी देताना वर काय लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मी काढला नाही म्हणून तर भांडायला पुरावा नाही.

काकूचा रिपोर्ट चांगला आला, हिंडतेय फिरतेय. तिसरा नग कसला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर