संकेतस्थळ आहे, पण शोधल्यावर सापडत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात मी ई-सेवा केंद्र चालवतो. गेल्या वर्षी गावातील एक ताई अंगणवाडी मदतनीस भरतीची चौकशी करायला आल्या. आम्ही दोघांनी मोबाइलवर वेगवेगळे शब्द टाकून गुगलवर शोधले. जाहिरात कुठेच दिसली नाही, म्हणून ती अजून निघाली नसावी असे समजून त्या परत गेल्या. अर्जाची मुदत संपल्यावर कळले, की जाहिरात संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर पंधरा दिवस होती.

मला चैन पडेना, म्हणून कारण शोधले. गुगलसारख्या शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पाने धुंडाळणारा प्रोग्रॅम, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतो, वाचलेल्याची नोंद निर्देशांकात करतो आणि आपल्याला उत्तर मिळते ते त्या निर्देशांकातून. क्रॉलरने कुठे जावे, कुठे जाऊ नये हे संकेतस्थळावरच्या ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलीत लिहिलेले असते. १९९४ पासूनची ही पद्धत आहे आणि ती फाइल कोणीही उघडून पाहू शकतो. या संकेतस्थळाच्या फाइलीत सर्व क्रॉलरना सर्व पाने बंद होती. संकेतस्थळ बांधत असताना अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत म्हणून अशी ओळ घालतात. इथे ती काढायची राहून गेली असावी.

ती ओळ काढली असती, तरी जाहिरात सापडली असती याची खात्री नाही, कारण ती कागदावरून स्कॅन केलेली, वाकडी आणि पुसट पीडीएफ होती. काही ठिकाणी मजकूर टंकलेला असतो, परंतु जुन्या, युनिकोड (जगभरातील लिप्यांच्या अक्षरांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. तिथे आपल्या डोळ्यांना मराठी दिसते आणि यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, त्यामुळे आता याला सबब उरलेली नाही.

प्रत्येक सूचनेला स्वतंत्र पान, मराठी शीर्षक व युनिकोड मजकूर द्यावा आणि नव्या पानांचे पत्ते साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रासाठी ठेवलेल्या पानांच्या यादीत, घालावेत. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, म्हणजे कोणत्याही तालुका कार्यालयाला तो पुरून उरेल. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे बदलली. अशा वेळी संकेतस्थळाचा पत्ताही बदलला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ‘३०१’ हे कायमचे वळण ठेवावे, नाहीतर जुने दुवे रिकाम्या पानावर जातात. आधार क्रमांक किंवा बँक खाती असलेल्या याद्या मात्र संकेतस्थळावर ठेवूच नयेत, कारण रोबोट्स फाइलीतील बंदी ही केवळ विनंती आहे, कुलूप नव्हे.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, आणि ती स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम लक्षात घेऊन पोहोचवायची असते. आमच्या गावांत ते माध्यम आज मोबाइलवरचा शोध हेच आहे. म्हणून मराठवाड्यातील सर्व जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदांना विनंती आहे, की कोणतीही सूचना प्रसिद्ध केल्यावर तिचे शीर्षक शोधयंत्रात टाकून ती सापडते का, हे मुदत संपण्याच्या पुरेसे आधी पाहण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर लेखी सोपवावी.

आपला,
एक ई-सेवा केंद्रचालक
ता. सेलू, जि. परभणी