पिवळ्या वायरीचा फोटो

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

"आभार कसले मानतेस, झोप आता," म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं या चार दिवसांच्या ओळखीत कळलंय.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गच्चीचा जिना बंद झाला. कुंड्या वर, बाबा खाली. पाणी घालायला माणूस होता, पण मातीत बोट खुपसून ओल बघायची त्यांची सवय जाईना. म्हणून मी हा घाट घातला. कुंडीत ओलाव्याचा सेन्सर, त्याला जोडलेला ईएसपी३२ नावाचा वायफायवाला छोटा बोर्ड, आणि त्या एवढ्याशा बोर्डावरच चालणारा वेब सर्व्हर, म्हणजे मोबाइलला पान दाखवणारा प्रोग्रॅम. बाबांनी घरच्या वायफायवरून मोबाइलमध्ये पत्ता उघडायचा आणि मातीची ओल दर दोन सेकंदांनी बदलताना बघायची. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही, नोकरी हिशेबाची. संध्याकाळी बसून, एकेक गोष्ट समजून घेत सहा आठवड्यांत इथवर आले होते.

पान उघडलं. त्यावर आकडा होता ४०९५. सेन्सर पाण्यात धरला तरी ४०९५, पुसून कोरडा केला तरी ४०९५. बोर्ड सेन्सरचं वाचन १२ बिटांत, म्हणजे शून्य ते ४०९५ मध्ये मोजतो, आणि हा त्यातला सगळ्यात मोठा आकडा. हा सेन्सर माती जितकी कोरडी तितका मोठा आकडा देतो, त्यामुळे पानावर दिसे: ओल शून्य टक्के. मी चूक शोधत होते आणि बाबा मात्र ते पान खरं धरून चालले होते. आठवडाभर त्यांनी रोज दोनदा पाणी घालायला लावलं. आईने लावलेल्या गुलाबाची मुळं कुजली. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते.

तुमच्याआधी मी तिघांना विचारलं होतं. पहिल्याने वायफायचा भाग काढून नुसता सेन्सर चालवला. आकडे व्यवस्थित आले. "सेन्सर ठीक आहे, तुमचा कोड चुकतोय." दुसऱ्याने सेन्सर काढून एक मनचा आकडा पानावर दाखवला. तोही व्यवस्थित आला. "कोड ठीक आहे, सेन्सर बदला." मी दोन नवे सेन्सर आणले. तिसरे म्हणजे जिथे मी फी भरून शिकले तिथले शिक्षक. साहित्य त्यांच्याकडून घेतलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी बोर्ड हातातसुद्धा घेतला नाही. पहिल्या दोघांचा राग नाही, त्यांनी निदान बघितलं तरी. पण दोन्ही गोष्टी एकत्र चालवून बघाव्यात, हे दोघांच्याही मनात आलं नाही. मी तेच सांगत होते, एकत्र केलं की बिघडतं. माझ्या सांगण्याला वजनच नव्हतं.

तुम्ही मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलंत. मग एकच विचारलंत, "वायर कुठल्या पिनेवर?" मी म्हटलं २५. तुम्ही "बरं" म्हणालात. रात्री साडेअकराला तुमचा फोटो आला. तुमचा ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची पाटी), तुमचा ईएसपी३२, तुमच्या खिडकीतली कुंडी. आणि २५ नंबरच्या पिनेवर पिवळी वायर, कारण मी पाठवलेल्या फोटोत ती पिवळी होती. खाली लिहिलं होतंत: "तुझ्यासारखीच जोडणी केली. माझ्याकडेही ४०९५ येतोय. तुझं काही चुकलेलं नाही."

काका, मी ते वाचून रडले. उत्तर अजून मिळालेलंच नव्हतं, तरी रडले.

उत्तर सकाळी आलं, फोनवर, दोन मिनिटांत. या चिपमध्ये ॲनालॉग, म्हणजे सेन्सरकडून येणारा कमीजास्त होणारा व्होल्टेज, वाचणारे दोन विभाग आहेत आणि दुसरा वायफायलाही लागतो. वायफाय चालू झालं की त्या विभागाच्या पिनांवरचं वाचन भरवशाचं राहत नाही. २५ त्यातलीच. ३२ ते ३९ मधल्या पिना पहिल्या विभागाच्या, त्यांना वायफायची बाधा नाही. "चार पिना वर सरकव, ३४ वर लाव." कंपनीच्या कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, नंतर मी ते शोधून वाचलं. पण कुठे शोधायचं हे कळायला आधी दुखणं कुठलं ते कळावं लागतं.

जाता जाता तुम्ही म्हणालात, "मला पिनेचा नंबर ऐकूनच संशय आला होता." मग रात्री साडेअकरापर्यंत जागून ती जोडणी केलीत कशाला? मी विचारलं तर म्हणालात, "संशयावर कुणाला सांगू नये. आधी बघावं." मला वाटतं, एवढंच कारण नव्हतं. मी किती वेळा 'नाही हो, खरंच असं होतंय' म्हणाले होते, ते तुम्ही मोजलं असणार. जाणकार माणसं मला या सहा आठवड्यांत बरीच भेटली. समोरचा खरं बोलतोय असं धरून कामाला लागणारे तुम्ही एकटे भेटलात. अनोळखी बाईसाठी, तिच्या वडिलांच्या कुंडीसाठी, वायरीचा रंगसुद्धा तोच. ही माया कुठून येते माणसात?

बाबा आता सकाळी उठले की आधी मोबाइल उघडतात. परवा मला हाक मारून म्हणाले, "बघ, पाणी घातलं आत्ता." आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर चढत होता, बत्तीस, अडतीस, सत्तेचाळीस. गुलाबाची एक फांदी वाचली होती, ती दुसऱ्या कुंडीत लावली आहे. सेन्सर तिच्याच मातीत आहे.

वायर बदललेली नाही, काका. तीच पिवळी, आता ३४ वर.

तुमची,
कुंडीवाली