माराच्या रफीकींना

रफीकी,

तुमच्या स्वाहिलीत रफीकी म्हणजे मित्र. तुम्हाला मराठी येत नाही, तरी आभार मराठीतच मानतोय. गाडीला तुम्हीही ‘गारी’च म्हणता, म्हणजे फार अडायचं नाही.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तुम्ही माझी सफारीची गाडी चालवत होतात, आणि दुसऱ्याच दिवशी मी तुमच्यावर चिडलो होतो. वायरलेसवर सिंहाची खबर आली, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत पळाल्या आणि तुम्ही इंजिन बंद करून बसलात. समोर नुसतं गवत! मी वरच्या पट्टीत ‘चला की’ म्हटलं. तुम्ही फक्त बोट दाखवलंत. दहा-बारा थॉमसन गॅझेल जातीची हरणं, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. वीसेक मिनिटांनी वारुळावर चित्तीण चढली, मागोमाग तीन पिल्लं.

माझ्या फोटोचं आता कौतुक होतंय, पण त्यात माझं फक्त बोट. ऊन पाठीशी यावं अशी गाडी तुम्ही लावलीत. तीही थोडी खोलगट जागी, म्हणजे खिडकीतून लेन्स चित्तिणीच्या नजरेला आली. इंजिन चालू असतं तर ४०० मिलिमीटरच्या लांब लेन्सवर सगळं थरथरलंच असतं. मी काय केलं? ती हरणामागे सुटली तेव्हा माझं शटर पहाटेच्या अंधारातल्या १/२५० सेकंदावरच होतं, पळणाऱ्यासाठी फारच संथ. ताशी शंभरच्या आसपास पळणारं जनावर आणि माझ्याकडे त्याचा पिवळा फराटा. तिची शिकार हुकली, माझीही. ती धापा टाकत बसली, तेव्हा मागे न बघता तुम्ही म्हणालात, “शटर.”

‘अजून जवळ घ्या’ म्हणून मी किती मागे लागलो! तुम्ही वाट सोडली नाहीत. एका जनावरापाशी पाचच गाड्या, हा नियम. आणखी गाड्या येताना दिसल्या तशी आपली गाडी तुम्ही आपणहून काढलीत. मी कुरकुरलो, त्याबद्दल माफी.

आमच्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत, हे सांगितल्यावर तुम्ही खो खो हसलात. पळणाऱ्याला दोरी कशाला, म्हणालात.

आणि तो घेवडा! लेन्स टेकवायची माझी पिशवी रिकामी बघून तुम्ही नरोकच्या बाजारात दोन किलो घेवडा घेऊन तिच्यात भरलात. निघताना तो परत ओतून घरी नेलात. शिजला का नीट? पाच दिवस माझं कोपर होतं त्यावर.

आसांते साना, खूप खूप आभार.